मोबाइलवर दिलेली सुई

आमच्या कर्नाटकातल्या येळ्ळूरचे भरमाआप्पा म्हणजे लई संशयी माणूस. फौंड्रीत तीस वर्षं काढली, पण कुठल्याबी कागदावर मागची बाजू बघितल्याशिवाय सही केली न्हाय. कन्नड बोलतात फाडफाड, वाचता येत न्हाय; म्हणून सरकारी कागद दोघांकडनं वेगवेगळा वाचून घेणार, आणि विश्वास दोघांवरबी ठेवणार न्हाईत!

मी राजाबाई, गावची आशा कार्यकर्ती. सुई टोचायची नर्सबाईंनी, पोरं गोळा करायची मी. आता प्रत्येक सुईची नोंद देशाच्या एकाच यादीत, मोबाइलवर, करायचीच असा हुकूम आला. नर्सबाईंनी ते काम माझ्याच गळ्यात घातलं. आप्पांच्या नातीची, मैत्रीची, नोंद करायला गेलते तर आप्पा दारातच आडवे.

"ओटीपी कुणाला देऊ नका म्हणून तुम्हीच सांगता, आणि तुम्हीच मागता? काय करणार हाईसा ह्या यादीचं?"

"पोरीला कन्नड करणार, सुईतनं!" मी म्हटलं. सूनबाई रचना हसली, तिनं ओटीपी दिला. आप्पा मात्र दर सुईला कागदाच्या कार्डावर सही घेत राहिले. मला असला राग यायचा!

गेल्या महिन्यात गावात दोन पोरांना गोवर निघाला. राहिलेल्यांना टोचायला नर्सबाई बसल्या. आप्पा अकरा महिन्यांच्या मैत्रीला कडेवर घेऊन आले.

"हिला गोवराची सुई झालेली न्हाय."

नर्सबाईंनी मोबाइल बघितला. "झालीया की आप्पा, नवव्या महिन्यात."

"मग कार्डावर का न्हाय?"

"लिहायचं राहिलं असंल. उगच दोनदा टोचू व्हय?"

आप्पांनी कार्ड टेबलावर आपटलं. "गोवर मोबाइलला होणार न्हाय, हिला होणार!"

रांगेतल्या बायका हसल्या. मी मोबाइलवरची तारीख बघितली.

नवव्या महिन्यात रचना पोरीला घेऊन माहेरी चंदगडला गेलती. महिनाअखेर होती. वरनं रोज फोन, एक पोर राहिलंय, शंभर टक्के कर. तिकडं महाराष्ट्रात टोचलंच असणार असं धरून मी 'सुई दिली'चं बटण दाबलं. तिकडच्या आशानं धरलं असंल, पोरगी कर्नाटकातली, तिच्या गावातच टोचतील. रचनाला एक फोन करायचा, तोसुद्धा केला न्हाय मी मेलीनं.

"बाई, टोचा तिला," मी म्हटलं. "सुई दिलेली न्हाय. मीच नोंद दाबलीया."

नर्सबाईंनी सुई भरली. मैत्री रडली, आप्पांनी कार्डावर तारीख घालून घेतली. मला वाटलं आता शिव्या खाते. पण त्यांनी आवाजसुद्धा चढवला न्हाय.

"राजाक्का, आणि किती पोरांचं दाबलंयस?"

रांगेत कुणी हसत नव्हतं. पोरं कडेवर घेऊन बायका माझ्याभोवती गोळा झाल्या. "माझ्याचं बघ गं आधी," एक म्हणाली, मग दुसरी.

आणि मला आठवंना.