त्या वाफ्यात मेथी नोहती

हे म्या आजपर्यंत कोणालेच सांगतलं नाही. नवऱ्यालेबी नाही, पोरीलेबी नाही. तुमाले काहून सांगून राह्यली — मले धड समजत नाही. थकली आता, म्हणून.

आमच्या घरामागं, विहिरीच्या अंगाले, भाजीचे दोन वाफे होते. मी लग्न होऊन आली तवा सासूनं पयलीच गोष्ट शिकवली — वांग्याच्या जागी दुसऱ्या साली वांगं लावायचं नाही. टमाटं नाही, मिरचीबी नाही. तिघं एकाच घरातले, एकाचा रोग दुसऱ्याले लागते. मंधात मेथी घ्यायची, चवळी घ्यायची, जमिनीले दम खाऊ द्यायचा.

पण माह्या वांग्याच्या भरताची घरात लय तारीफ होये. सासरा एक भाकर जास्त खाये. मले हाव सुटली — दुसरं काय? विहिरीजवळच्या वाफ्यात म्या लागोपाठ चार वर्सं वांगंच लावलं. सासूचे गुडघे गेले होते, ती ओसरीवरच बसून राहे. तिले मागचं काय दिसणार?

चौथ्या साली झाडांनी भर फुलात माना टाकल्या. पाणी देल्लं तरी उठत नोहती. एक उपटून पाह्यलं, तर मुळ्यांले ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी. वाफा बिघडला होता, अन् म्याच बिघडवला होता. सारी झाडं उपटून चुलीत घातली अन् घरात सांगतलं, यंदा कीड लय पडली.

त्याच साली धाकटी जाऊ आली. कांता, रिठदची. लय हौशी पोरगी. माहेरून टमाट्याची रोपं घेऊन आली होती, ओल्या फडक्यात गुंडाळून. म्या तिले विहिरीजवळचा वाफा देल्ला — वरून मोठेपणा दाखवला, हो. तिनं मातीत बोटं घालून इचारलं,

"अक्का, याच्या आदी इथं काय होतं?"

"मेथी," म्या म्हणलं.

खरं सांगतलं असतं तर काय झालं असतं? सासू दोन गोष्टी बोलली असती. तेवढ्याले भ्याली मी.

टमाटं मेलं. पुढच्या साली मिरची मेली. माह्या वाफ्यात चवळी दाटून आली होती. सासू म्हणली, हिच्या हाताले गुण नाही. मंग गावात गोष्ट फिरायले काय वेळ लागते? हळदीचं बेणं लावायच्या दिवशी बाया कांताले म्हणत, तू पाणी आण, बेण्याले हात लावू नको. ती पाणी आणे. मी तिथंच वाकून बेणं लावत राहो. एक डाव तिनं मले एकटं पाहून इचारलंबी — माह्या हातात खरंच खोट हाये का? अन् मी — मी म्हणलं, असते एकेकाचं.

सासूले जाऊन बारा वर्सं झाली. आता भ्यायले कोण उरलं? कांता उरली. तिच्या तोंडाकडं पाहून सांगायची हिंमत मले कधी झालीच नाही.

गेल्या महिन्यात तिच्या लेकीनं वाशिमहून गुलाबाचं कलम आणलं. कांता ते घेऊन माह्या दारी आली. साठीले टेकली ती.

"तुमीच लावा अक्का. माह्या हातानं मरते."

म्या तिच्या अंगणात जाऊन खड्डा केला, कलम लावलं. ती दोन पावलं लांब उभी होती, हात मागं घेऊन.

आता त्याले कळी आली. कांता आल्यागेल्याले कौतुकानं दाखवते, म्हणते, आमच्या अक्काचा हात लागला.