दगडाखाली

आमच्या धर्मापुरीतला एक मेंढपाळ. बसण्याआधी काठीनं दगड उलटून बघणार, विंचू नाही ना म्हणून, देवळाच्या आवारातसुद्धा.

मंगळावर यान उतरलं, तेव्हा मी, गावचा विज्ञानाचा मास्तर, पहिले फोटो घेऊन हॉटेलात तासभर बोललो. पॅराशूट, धूळ, चाकं. शेवटी मोबाईल त्या मेंढपाळाच्या हातात गेला. त्यानं फोटो लई वेळ निरखला.

“सर, तितं जीव हाय का, हेच बघाया गेलेत ना?”

“हो.”

“मंग ह्ये दगडं काऊन उलटून बघत न्हाईत?”

सगळ्यांच्या माना त्याच्याकडं वळल्या. “चहा घे, थंड होतोय,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी वर्गात तोच प्रश्न मी माझा म्हणून विचारला. पोरं खूश झाली. त्याचं नाव मी तेव्हा घेतलं नाही. आजही घेत नाहीये.