कुलूपवाल्याच्या घराला कडी नाही

"कुलूपवाल्याच्या घराला कडी नाही," असे शेजारी म्हणत आणि पुढे दिव्याखालच्या अंधाराची आठवण काढून हसत. कुणी म्हणे, बापलेकींकडे चोरण्यासारखे आहे तरी काय? कुणी म्हणे, चोर आलाच तर बिचारा लाजून परत जाईल. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या त्या दुकानात भिंतभर किल्ल्या टांगलेल्या असत. मागच्या घरात मात्र एकाही दाराला कडी-कोयंडा नव्हता. न्हाणीलासुद्धा नाही. आत माणूस आहे हे कळावे म्हणून म्हातारा आंघोळ करताना सारखा खोकत राही.

हा विसराळूपणा नव्हता. त्या कड्या लेकीने स्वतःच्या हाताने काढल्या होत्या. का काढल्या, हे भिंतीपलीकडच्या काचवाल्याच्या बायकोला तेवढे ठाऊक होते.

एके काळी कुलूपवाला आणि काचवाला यांचे मधल्या भिंतीवरून भांडण झाले आणि बोलणे तुटले. मोठ्यांचे तुटले, मुलांचे जुळले. ती सोळाची, काचवाल्याचा मुलगा तिच्याहून जरासा मोठा. खांद्याला काच लावून तो दुकानावरून जाई आणि काचेआडून तिच्याकडे पाही. ती हळूच म्हणे, "आधी पुसून घे. धुरकट दिसतोस."

बापाला कळले तेव्हा त्याने आरडाओरडा केला नाही, हातही उचलला नाही. माडीवरच्या तिच्या खोलीला त्याने बाहेरून कडी बसवली, तिच्यात आपल्या हातचे सर्वांत चांगले कुलूप अडकवले आणि तो दुकानात जाऊन बसला.

भर दुपारी मुलगा शिडी घेऊन आला. खिडकी खिळे मारून बंद केलेली होती, पण तिला मोठे तावदान होते. "कुलूप तुमचं, तावदान आमचं," असे म्हणून तो हसला आणि चौकटीत काच पक्की धरणारी लांबी, तो वाळलेला लगदा, खरवडू लागला. तावदान अख्खे निघाले आणि त्याच क्षणी शिडी सरकली. एका हाताने त्याने चौकट धरली असती तर तो वाचला असता. पण काचवाल्याच्या घरात मुलांना पहिला धडा एकच मिळे : काही झाले तरी काच सोडायची नाही. त्याने दोन्ही हातांनी तावदान छातीशी आवळले आणि तो तसाच खाली गेला.

आवाज ऐकून बाप दुकानातून धावत वर आला आणि पोर आत आहे ना हे पाहायला त्याने कुलूप काढले. ती जिन्यापर्यंत पोहोचली तोच त्याने तिला दंडाला धरून पुन्हा आत ढकलले आणि कडी लावली. लोक काय म्हणतील, ही त्याची चिंता. मुलाला उचलून नेले. दाराला धडका देऊन तिचे खांदे काळेनिळे झाले, पण शेवटचे तोंड पाहणे तिच्या नशिबी आले नाही.

काही महिन्यांनी ती दुकानात येऊन म्हणाली, "बाबा, मला काम शिकवा." पोर सावरली, असे समजून बाप सुखावला. ती मान खाली घालून शिकली आणि बापाच्या वरताण झाली. स्थळे आली, तिने परतवली. पुढे बापाचे हात थरथरू लागले आणि दुकान तिच्याकडे आले. त्याच संध्याकाळी ती पेचकस घेऊन घरी गेली आणि तिने एकेक कडी उतरवली.

"हे काय गं?"

"दुरुस्तीला नेते."

"परत कधी आणणार?"

"भाग मिळत नाहीये, बाबा."

हे उत्तर त्याचेच होते. नकोशा गिऱ्हाइकाला तो हेच सांगत असे. जन्मभर दुसऱ्यांची दारे सांभाळलेल्या त्या माणसाला उघड्या दाराआड डोळा लागेना. तो दाराला ट्रंक लोटून झोपे. सकाळी ती ट्रंक बाजूला करी आणि म्हणे, "केर काढायला अडचण होते." जेवणखाण, औषध, धुतलेले कपडे यांत तिने कधी कसूर केली नाही. त्यामुळे तक्रार करायलाही त्याला जागा उरली नाही.

म्हातारा खंगत चालला तेव्हा काचवाल्याची बायको पहिल्यांदा त्या घरात आली. "काकू" म्हणून लेकीने तिला स्टूल दिले. काकू म्हाताऱ्याला म्हणाली, "काच सोडली असती तर वाचला असता हो माझा. ती सोडू नकोस हे त्याच्या बापानेच शिकवलं होतं. मी कुणाकुणावर दात धरू? तुम्हाला मी माफ केलं." म्हातारा रडू लागला. मग काकू लेकीकडे वळली. "माणसाला न्हाणीत तरी कडी असू दे गं."

लेक उठून दुकानात निघून गेली. इतकी वर्षे जपलेला राग दुसऱ्याच कुणी खर्चून टाकावा, तसे तिला झाले. दिवसभर तिने गिऱ्हाइकांवर तोंड सोडले. पण संध्याकाळी ती परतली तेव्हा हातात जुनीच कडी होती, माडीवरच्या खोलीची. ती तिने म्हाताऱ्याच्या खोलीला बसवली आणि त्याचा थरथरता हात धरून दोनदा लावून-काढून घेतली.

त्यानंतर म्हातारा गाढ झोपू लागला. पोरीचे मन अखेर विरघळले, असे गल्लीत बोलले जाऊ लागले. काकूने भिंतीपलीकडून विचारले, "केलंस ना गं माफ?"

"माफबिफ काही केलेलं नाही, काकू. त्यांनी बाहेरून लावली होती, मी आतून लावून दिली. त्यांच्यात नि माझ्यात एवढा फरक राहू दे, बस."