सोनीचा घास

रावसाहेबांच्या बंगल्यावर नोकरी केलेली दोन माणसं भोरच्या बाजारात भेटली, की समोरचा चहा गार होतो. किस्से काढावे लागत नाहीत, एकाच्या शेपटाला धरून दुसरा येतोच. मी तिथं लेखनिक होतो आणि हिर्डोशीचा गणपा आचारी. पण आम्हा दोघांचं खरं काम एकच, संशयित म्हणून हजर राहणं!

रावसाहेब रिटायर्ड फौजदार. फौजदारकी सुटली, चौकशी सुटली नाही. तूप, साखर, चहा, सगळ्या डब्यांना लाखेचं सील! लाल लाख वितळवून झाकणाच्या फटीवर ओतायची आणि बोटातली नावाची अंगठी त्यावर दाबायची. अंगठी बोटात इतकी रुतलेली, की साबण लावूनही निघत नसे. सील करताना सगळा हातच डब्यावर पालथा पडायचा.

*

मुंबईच्या व्याह्यांनी त्यांना काचेच्या हंडीतून एक सोनेरी मासा पाठवला. रावसाहेबांनी नाव ठेवलं सोनी. माणसांवर काडीचा भरवसा नसलेला हा गृहस्थ सोनीशी मात्र तासन्‌तास बोलत बसायचा. तिच्यासाठी गणपा सुका जवळा कुटून डब्यात भरून ठेवी. एकदा रावसाहेबांनी तो डबा हातात तोलला.

"हलका लागतोय."

"माशाचं खाणं म्या कशाला खाईन, रावसाब?"

"खाल्लंस असं मी कुठं म्हटलं? तुझ्याच तोंडून आलं!"

त्या दिवसापासून जवळ्याच्या डब्यालाही सील. कण इकडे तिकडे सांडून कुणी उचलायला नको, म्हणून रावसाहेब डबा हंडीवरच धरत, चाकूनं लाख फोडत आणि चिमूटभर जवळा पाण्यात सोडत.

*

थोड्याच दिवसांत सोनीचं खाणं बिघडलं. भूक होती. घासाकडे धावायची, तोंडात घ्यायची आणि लगेच बाहेर टाकायची. पोट पार खपाटीला गेलं.

"विषप्रयोग!" रावसाहेबांनी निदान केलं.

मोठ्या घरांत मालकाआधी आचाऱ्यानं घास चाखायची रीत असते. ती रीत सोनीला लागू झाली. रोज सकाळी गणपा हंडीसमोर उभा राहून चिमूटभर जवळा खायचा आणि रावसाहेब घड्याळ हातात घेऊन त्याचे डोळे निरखायचे.

"काय वाटतंय?"

"मीठ कमी हाय, रावसाब."

एवढं होऊनही त्यांचं समाधान होईना. डब्यावर एकाच्या जागी दोन सीलं आली.

*

मग गुरांचे डॉक्टर आले, विंझरला कुणाची म्हैस बघून. त्यांनी हंडीभोवती एक फेरी मारली आणि सवयीनं विचारलं, "रवंथ करते का?"

गणपा खुदकन हसला. डॉक्टरही हसले आणि "मासा आपल्याला जमायचा नाही," म्हणून निघून गेले.

रावसाहेबांनी मला कोपऱ्यात घेतलं. "दोघं एकदम हसले, पाहिलंत? आधीची ओळख आहे!"

*

शेवटी आम्हाला बेलभंडार उचलायला लावला. हातात बेलाचं पान, त्यावर हळद आणि समोर सोनी. मी शपथ घेतली, गणपानं घेतली. रावसाहेबांच्या थोरल्या बहीण आक्कासाहेब दारात उभ्या होत्या.

"बापू, तूही उचल की."

"मी? मालकावर कधी कुणी संशय घेतो का?"

मग ते गणपाकडे वळले. "बाजाराच्या दिवसापर्यंत सोनी जेवली नाही, तर गाठोडं बांधायचं."

गणपाचं तोंड उतरलं. हिर्डोशीला खाचरात भात जेमतेम, घरी आई अंथरुणाला खिळलेली. चार पैसे जायचे ते इथूनच. "आयला काय सांगू? मासा जेवला न्हाई म्हून आलो?" एवढंच तो मला म्हणाला. मला फार वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, थोडा संशयही आला. त्या बंगल्याची हवाच तशी!

*

बाजाराच्या दिवशी सकाळी गणपा गाठोडं बांधून ओसरीवर बसला होता. आक्कासाहेब तरातरा आल्या. हातात पायातला काटा काढायचा चिमटा.

"गणपा, ऊठ. हात भिजव आणि धर तिला. हलक्या हातानं!"

"अगं, मारील तो तिला!" रावसाहेब ओरडले.

"बापू, गप्प बैस. भूक असून घास थुंकते म्हणजे घशात काहीतरी अडकलंय. एवढं साधं!"

गणपानं सोनीला ओल्या तळव्यात धरलं. सोनी निसटली नाही. आक्कासाहेबांनी तिच्या उघड्या तोंडात चिमटा घातला, हळूच ओढला, आणि काहीतरी लाल बाहेर आलं. सोनी हंडीत परत गेली. गणपानं जवळा टाकला. तिनं घास घेतला आणि गिळला. आणखी एक घेतला, तोही गिळला. गणपा लहान मुलासारखा रडायला लागला.

आक्कासाहेबांनी तो लाल तुकडा रावसाहेबांच्या तळहातावर ठेवला. लाख होती. त्यावर त्यांच्या नावातलं पहिलं अक्षर स्पष्ट उमटलेलं.

"आता घालव गणपाला!" त्या म्हणाल्या.

रावसाहेबांनी तो तुकडा उजेडाकडे धरला. मग बोटातल्या अंगठीकडे पाहिलं. ती ओढून पाहिली. जागची हलेना. त्यांनी आवाज एकदम खाली आणला.

"गणपा, गाठोडं सोड. नोकरी कायम. पण आता खरं सांग, मी झोपलो असताना ही अंगठी काढलीस कशी?"