धुक्यातलं दार

धुक्यात ओल्या वाळूचा वास आला की मला आखातातल्या इंटरनॅशनल सिटी वसाहतीतली ती सकाळ आठवते. आम्ही नवेच होतो, बिल्डिंगी सगळ्या सारख्या, म्हणून खुणेसाठी मी दाराशी लक्ष्मीची पावलं चिकटवली होती. लेकीला स्कूलबसमध्ये बसवून धुक्यातून परतले, पावलं दिसली, दार नुसतं लोटलेलं, शिरले आत. बघते तर सोफ्यावर एक म्हातारी बाई. "आलीस? किती गं वाट बघायची," म्हणत त्यांनी माझा हात धरला. मी म्हटलं, "आजी, माझी बिल्डिंग चुकली वाटतं, तुमच्याही दाराशी तशीच पावलं आहेत." त्यांची सून स्वयंपाकघरातून आली नि थबकली. माझ्या कानाशी म्हणाली, "नणंद गेली तेव्हापासून ह्या बोलल्याच नव्हत्या. आम्ही दार लावलं की ह्या रोज कडी काढून बसतात. प्लीज, दोन मिनिटं बसा." मी बसले. धुक्याने दमट झालेल्या माझ्या केसांवरून हात फिरवत म्हातारी म्हणाली, "समुद्रातून आलीस, केस तरी पुसायचेस." सून पांढरीफटक पडली. "बुडाली हे आम्ही त्यांना सांगितलंच नाही, तापाने गेली म्हटलंय," ती पुटपुटली. तेवढ्यात माझ्या तोंडून निघालं, "पुसते, आई." म्हातारीने निवांत डोळे मिटले. आता माझेही केस पिकलेत, पण तेव्हा ते शब्द बोलले ती मीच होते का, हे मला अजून सांगता येत नाही.