सोपानची सही

तलवाड्याच्या गाडीचा कंडक्टर खाली उतरला अन् मला विचारतो, "तात्या, आज डबे कोन घेनार? सोपानमामा गेले म्हनं पहाटं." मी दुधाचे कॅन घेऊन स्टँडवर उभा. पन्नास वर्षांची दोस्ती, अन् दोस्त गेल्याचं मला कंडक्टरकडून कळतं... मी म्हणालो, "आण इकडं." अकरा डबे सायकलला अडकवले. रडायचं मागून बघू, पोरं उपाशी राहतील, एवढंच डोक्यात आलं.

सोपान आमच्या कॉलेजच्या आवारातला कँटीनवाला. पत्र्याचं शेड, चार बाकडी, सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला अन् दिवसभर चहा. दूध माझ्या म्हशींचं. पण पोरं तिथं जमायची ती डब्यासाठी. खेड्यातल्या आया सकाळच्या एसटीत भाकरीचे डबे ठेवून द्यायच्या, सोपान ते स्टँडवरून आणून फळीवर मांडायचा. प्रत्येक डब्याला वेगळ्या रंगाची चिंधी. डब्यावर नाव घातलेलं त्याला चालायचं नाही. "नाव पुसतं, चिंधी पुसत न्हाई," म्हणायचा. मामाची तऱ्हा म्हणून पोरं हसायची. खरं कारण मला ठाऊक होतं. सोपानला वाचता येत नव्हतं. रोज सकाळी पोरांपुढं पेपर उघडून बसायचा, तो नुसती चित्रं बघत. मी तिसरीपर्यंत गेलेला, म्हणून त्याला सही मीच शिकवली, चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं गिरवून गिरवून. जमली त्या दिवशी लई ताठला होता. "आता कुनापुढं अंगठा लावनार न्हाई बे!"

मागच्या वर्षी बाजारातला एक बडा हॉटेलवाला कागद घेऊन आला. तोंडानं गोड. "मामा, शेड नवं करून देतो, तुमीच चालवायचं. दोन महिने तेवढी जागा मोकळी करा." कागदावर मुंगीएवढी अक्षरं. भोवती वीस-पंचवीस पोरं बसलेली, बीए, बीएस्सी करणारी. एकाला जरी म्हणलं असतं, वाच रे बाबा... पण म्हणायचं कसं? रोज पेपर वाचणारा मामा! त्यानं कागद डोळ्यांपुढं वर-खाली फिरवला अन् माझ्याकडं दिला. "किसन, बघ बरं, बराबर हाय का?"

मी सांगतो ते माझी नात लिहून घेती. इथं ती थांबली. म्हणाली, "आबा, हे पण लिहू?" म्हणलं, लिही. मला त्यातली एक ओळ धड लागली नाही. अन् मी मान हलवली. म्हणालो, "बराबर हाय." सोपाननं झोकात सही ठोकली.

दोन महिन्यांनी शेडच्या जागी काचेचा कॅफे उभा. मालक हॉटेलवाला, सोपानला पाय ठेवायला जागा नाही. दारावर पाटी, बाहेरचे डबे आणू नयेत. अरे, आईची भाकरी बाहेरची कधीपासून झाली? पोरं भडकली. आठ दिवस एकही जण आत गेला नाही. दारातच मांडी घालून डबे उघडायची, ठेच्याचा वास काचेच्या आत जायचा. हॉटेलवाला तणतणायचा. मग त्यानं तोच कागद काचेवर चिकटवला. पोरांनी वाचलं, "मी राजीखुशीने जागा कायमची सोडत आहे." खाली सोपानची सही, ठसठशीत.

सोपान तेव्हा फाटकाबाहेर लिंबाखाली डबे मांडून बसायचा. तलवाड्याची रेणुका, हिरव्या चिंधीची, तिथं आली. "मामा, सही तुमचीच हाय का?"

"माझीच."

"वाचून केलती?"

मी शेजारीच होतो. सोपाननं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "वाचून केलती."

त्या दिवसापासून पोरं डबा उचलायची अन् न बोलता जायची. आंदोलन मोडलं, कॅफे भरायला लागला. मामानं आपल्याला विकलं, हे त्याच्या कानावर पडायचं. मी म्हणायचो, सांगून टाकतो. तर अंगावर यायचा. "काय सांगशील? मामा अडानी हाय म्हनून? गप बस बे." बसलो गप. तो आतल्या आत झिजला, अन् मी त्याला दूध पाजत बसलो...

आता बसणार नाही. हॉटेलवाल्या, दहाव्याला तू हार घेऊन आलास, तो मी नालीत फेकला. पुन्हा आणलास तर पुन्हा फेकीन. कागद माझ्या हातात उलटसुलट होत होता तेव्हा तू गालात हसलास, मी बघितलं. तुला कळलं होतं दोघांनाही तो कागद वाचता येत नाही. अन् पोरांनो, मान मी हलवली. काय शिव्या द्यायच्या त्या मला द्या. सोपान वरून देतच असंल, देऊ दे. त्याला अडाणी म्हणा, पण विकणारा म्हणू नका.

डबे आता मी आणतो. कंडक्टर अजून सोपानच्याच नावानं हाळी देतो. लिंबाखाली तो जुना पेपर अंथरून वर डबे मांडायचा, मीही तसंच मांडतो. हे पेपरात छापून आलं की सोमवारी तोच पेपर अंथरणार हाय. रेणुका, हिरव्या चिंधीचा डबा ह्याच मजकुरावर ठेवीन. उचल अन् खालचं वाच. तुला येतं.