शेवटची अकरा मिनिटं

माझे यजमान वसंतराव गेले तेव्हा मी स्वयंपाकघरातच होते. दुसरीकडे कुठे असणार? सकाळचे साडेदहा वाजले होते, कुकरची दुसरी शिट्टी झाली होती, मी कणीक मळत होते आणि हॉलमधून ‘अगं’ अशी हाक आली. मी म्हटलं, थांबा, हात पिठाचे आहेत. हात धुऊन गेले तर खुर्चीत मान कलती झालेली... याला आता दीड महिना झाला. ‘सरांविषयी घरच्या माणसानं लिहावं’ असा पेपरच्या पुरवणीकडून निरोप आला, तेव्हा मुलगी म्हणाली, आई, गोड लिही हं. गोड काही माझ्याच्यानं होणार नाही.

नाशिकला अमेरिकन सिनेमा यांनी शिकवला, असं शोकसभेत सगळे म्हणाले. खरंच आहे ते. आठवडाभर ओझरच्या कारखान्यात नोकरी आणि रविवारी कॉलेज रोडच्या आमच्या घरी, हॉलमध्ये पांढरी चादर ताणून सिनेमा. पंधरा-वीस माणसं यायची. आधी हे तासभर बोलायचे, मग दिवे बंद. स्वयंपाकघराचं दार मी आतून लावून घ्यायचं, कारण उजेड चादरीवर पडतो. आत मी, आणि वीस जणांचे पोहे. त्यामुळे अमेरिकेचा अख्खा सिनेमा मी भिंतीपलीकडून ऐकलाय. आधी घोड्यांच्या टापा आणि गोळीबार, मग बुटांनी ताल धरून नाचणारी माणसं, मग ते गुन्ह्यांचे सिनेमे, त्यात टेलिफोन, पाऊस आणि बायकांच्या उंच टाचा, मग मोटारींचे करकचून लागणारे ब्रेक. मूकपट असला की माझ्या वाट्याला काहीच यायचं नाही. नुसती प्रोजेक्टरची घरघर आणि मधेच माणसांचं खो-खो हसणं. कशाला हसतात मेले, असं व्हायचं.

माझं माहेर घोटीचं, वडिलांची भाताची गिरणी. एकदा चहा देताना मी बोलून गेले, की ती बाई पोलिसांशी खोटं बोलत होती, दाराशी तिच्या टाचा दोनदा अडखळल्या. हे म्हणाले, ‘‘घोटीच्या गिरणीतून आणलीय हिला, आता टाचांवरून माणूस ओळखते. चपलांचं दुकान काढून देऊ.’’ हशा पिकला. मीही हसले, काय करणार. पुढच्या महिन्यात यांनी एका कॉलेजात व्याख्यान दिलं, त्यात तो टाचांचा मुद्दा होता. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर मी म्हटलं, तो मुद्दा माझा होता. तर म्हणाले, ‘‘सिनेमा न बघता मुद्दा नसतो गं. योगायोग असतो.’’

मग काचबिंदूनं यांचे डोळे गेले. देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात. मला बाई ऐकू आला. आता दार उघडं झालं. टीव्हीशेजारी बसून काय दिसतंय ते मी सांगायचं. चार वर्षं सांगितलं. ‘ती रडतेय’ म्हटलं की खेकसायचे... कॅमेरा कुठंय ते सांग, चेहरा जवळून दिसतो की लांबून, उजेड कुठून येतो. बोलणी खात खात शिकले. शेवटी शेवटी चांगलंच सांगायला लागले होते. तसं ते कधी म्हणाले नाहीत.

यांना तरुणपणापासून एका सिनेमाचा ध्यास होता. शंभर वर्षांपूर्वीचा मूकपट, नदीवरच्या एका नावाड्याचा. त्याची जगात एकही प्रत उरली नाही असं सगळे धरून चालले होते. यांनी फक्त पुस्तकात दोन फोटो पाहिलेले. आणि कुठल्याशा देशात एक प्रत सापडली. यांचा लाडका विद्यार्थी निखिल ती पेनड्राइव्हवर घेऊन आला, देऊन पुण्याला गेला, दोन आठवड्यांनी येऊन सरांना नीट सांगतो म्हणाला. यांना कुठला धीर निघतोय. इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, ‘‘तुझ्यावरच वेळ आली. दुसरं काय करणार.’’

मूकपट, म्हणजे कानाला काही आधारच नाही. सगळं माझ्या तोंडी. तरी मी जीव ओतून सांगितलं. नावाड्याचं जिच्यावर मन, तिचं लग्न दुसऱ्याशी ठरतं, आणि तिला पलीकडच्या काठाला पोचवायचं ते यानंच. नाव नदीच्या मध्यावर आली, ती वळून त्याच्याकडे बघते, चेहरा अगदी जवळून... आणि यांनी हात वर केला. म्हणाले, ‘‘गप्प बस जरा. मला बघू दे.’’

मी रिमोट उचलला. सिनेमा थांबवला आणि म्हटलं, ‘‘संपला.’’

‘‘इथंच?’’

‘‘हो. नाव मध्यावर असताना.’’

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! एवढ्या संसारात पहिल्यांदा यांचं काहीतरी माझ्या मुठीत होतं. शंका येईल, पुन्हा लाव म्हणतील, माझ्या मिनतवाऱ्या करतील, तेव्हा बघू, असं मी ठरवलं. त्यांनी त्या सिनेमाचा विषयही काढला नाही. नवव्या दिवशी गेले.

तेराव्याला निखिल आला. मला राहवेना. त्याला सांगून टाकलं, की शेवट मी मुद्दाम सांगितला नाही. पोरगा कसनुसा झाला. म्हणाला, काकू, सरांना माहीत होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला, तेव्हा मीच सांगितलं होतं, नाव मध्यावर येते तिथून पुढे अजून अकरा मिनिटं राहिलीत म्हणून. मग काय म्हणाले, असं मी विचारलं. त्यानं खूप आढेवेढे घेतले. शेवटी खाली बघत म्हणाला, ‘‘म्हणाले, तू आलास की बघू. हिला सिनेमा कुठं संपतो तेही कळत नाही.’’

दुष्टपणा केला हो मी. चांगला ठरवून, शुद्धीवर राहून केला. आयुष्यात एकदाच केला, तर तोही या माणसानं अडाणीपणा म्हणून उडवून लावला. इतका संताप आला की गेलेल्या माणसाचं दुःखही सुचेना.

निखिल गेल्यावर भर दुपारी मी यांची खुर्ची टीव्हीसमोर ओढली आणि राहिलेली अकरा मिनिटं लावली. खुर्चीला मोठमोठ्यानं सांगितली. कॅमेरा कुठंय, उजेड कुठून येतो, नाव काठाला लागल्यावर ती उतरते की नाही, सगळं. शेजारच्या वहिनी दारातून डोकावून गेल्या. जाऊ देत. मधे दम लागला म्हणून थांबले, तर खेकसायला कोणी नव्हतं, आणि मला तेव्हा फार रडू आलं. रडत रडत सांगितलं. पडदा काळा झाल्यावर म्हटलं, ‘‘अहो, आता संपला. मी वाईट आहे, अडाणी नाही.’’

दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. अजून रोज सांगते.